गोठ्याचे दार आणि बिबट्या

(आकाशवाणीवरील शेतीविषयक कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



दिवाळीच्या तोंडाशी, अश्विन वद्य द्वादशीला, खाली देशावर वसुबारस होते. गाय-वासराची पूजा होते. आपल्या अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात मात्र त्याच दिवशी वाघबारस असते. गुराखी पोरे शिवेवरचा वाघोबा धुऊन-पुसून शेंदूर लावतात, घरोघर फिरून शिधा जमवतात, रानात शिजवतात, खातात. एखादा पोरगा वाघ होतो आणि बाकीचे त्याला हाकलून लावतात. मला ही रीत शहाणपणाची वाटते. डोंगरात वाघ आहे हे तिच्यात आधीच कबूल केलेले आहे. भांडण आहे ते तो गुरात शिरतो याचे.

पट्ट्याचा वाघ आता आपल्या या डोंगरात राहिलेला नाही. लोक वाघ म्हणतात तो बिबट्या. त्याच्याविषयी आणि आपल्या गोठ्याविषयी आज बोलायचे आहे. कुणी म्हणेल, हे काम वनखात्याचे, शेतीखात्याच्या माणसाने यात कशाला पडावे? पण बंधूंनो, गाय आपली, गोठा आपला आणि गोठ्याची कडी लावायला रात्री वनरक्षक येणार नाही. म्हणून बोलतो.

सुरुवात माझ्याच एका चुकीने करतो. राजूरच्या वरच्या अंगाला एक ठाकरवाडी आहे. तिथे एका आजीकडे चार शेळ्या, एक बोकड आणि एक डांगी गाय. काही वर्षांपूर्वी मी नवाच रुजू झालेलो. शेळ्यांना कुंपण करा, असे मी तिला सांगितले आणि उभे राहून करूनही घेतले. बांबूचे खांब, चांगली मजबूत जाळी, छातीइतकी उंच. वर मात्र मोकळे आभाळ. पंधरा दिवसांनी बिबट्या उडी मारून आत आला. शेळ्यांना पळायला जागा नव्हती. चारही गेल्या. त्यांतली एक त्याने नेली, बाकीच्या तिथेच पडल्या होत्या. मी गेलो तेव्हा आजी रडत नव्हती. एवढेच म्हणाली, "सायब, पहिल्यानं घरात बांधत व्हते, तवा काय झालं न्हवतं. कुंपण तुमीच सांगितलं." याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही. पण त्या दिवसापासून मी गोठा बघताना आधी वर बघतो.

वर बघायचे ते का, ते सांगतो. बिबट्या हे काही फार मोठे जनावर नाही. पूर्ण वाढलेला नर साधारण साठ-सत्तर किलोचा, मादी त्याहून हलकी. पण अंगात ताकद अशी, की शेळी तोंडात धरून तो झाडावर चढतो. पाच-सहा फुटांचे कुंपण त्याला उंबऱ्यासारखे आहे. उघड्या डोक्याच्या वाड्यात तो एकदा उतरला, की कोंडलेली जनावरे त्याच्याभोवती सैरावैरा धावतात. मग एक पकडून तो थांबत नाही, हलेल त्याला धरतो. मोकळ्या रानात एक शेळी गेली असती, तिथे चार जातात. म्हणजे अर्धवट कुंपण हे नसल्यापेक्षा वाईट. बांधायचे तर वरून झाकून बांधावे, नाहीतर शेळ्या घरात घ्याव्यात.

डांगाणातली जुनी घरे आठवा. एका छपराखाली निम्म्या भागात माणसे, निम्म्यात गुरे. शिकलेल्यांनी, त्यांत मीही आलो, त्या घरांना नावे ठेवली. शेणामुताचा वास, धूर, चिलटे, सगळे खरेच होते. पण मुसळधार पावसात न डगमगणारी आपली डांगी गाय त्या छपराखाली वाघापासूनही सांभाळली जात होती. आता पक्के घर झाले, गुरे बाहेर आली. घर बांधताना आपण भिंती मोजल्या, पण गुरे बाहेर गेली तेव्हा त्यांना दार दिले नाही. चार खांब, वर पत्रा आणि चारी बाजू उघड्या, एवढ्याला आपण गोठा म्हणू लागलो.

बिबट्या खातो काय, याचा अभ्यास आपल्याच तालुक्यात झालेला आहे. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोल्याच्या खोऱ्यात, म्हणजे उसाच्या आणि वस्तीच्या भागात, स्वयंचलित कॅमेरे लावले, काही बिबट्यांच्या गळ्यात रेडिओपट्टे बांधले आणि विष्ठा तपासली. २०१३ साली त्यांनी प्रसिद्ध केले, की दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहणाऱ्या या भागात शंभर चौरस किलोमीटरला जवळजवळ पाच मोठे बिबटे आणि तितकीच तरसे आहेत. हा अभयारण्याचा आकडा नव्हे. तुमच्या-आमच्या बांधावरचा आहे.

पुढचा आकडा माझ्या दृष्टीने अधिक कामाचा. बिबट्याच्या खाण्यात वजनाने ८७ टक्के पाळीव किंवा माणसाच्या आसऱ्याने राहणारी जनावरे निघाली. त्यांत एकटी कुत्री ३९ टक्के. शेळ्या फक्त ११ टक्के. आता गंमत बघा, त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या. मग कुत्री जास्त का गेली? शेळी रात्री आत असते, कुत्रे बाहेर फिरत असते. बिबट्याला कुत्र्याची चव अधिक लागते असे नव्हे. जे हाताशी सापडते ते तो नेतो. तुमचे वासरू रात्री खुंट्याला उघड्यावर बांधलेले असेल, तर ते शेळीच्या रांगेत राहिले नाही, कुत्र्याच्या रांगेत गेले. बांधलेले असल्यामुळे त्याला पळताही येत नाही, तेव्हा कुत्र्यापेक्षाही वाईट.

मोठी गाय, बैल, म्हैस यांच्या वाटेला बिबट्या सहसा जात नाही. शिंगांचा धाक असतो. धोका वासरांना, कालवडींना, शेळ्या-मेंढ्यांना आणि नुकत्याच व्यालेल्या, उठता न येणाऱ्या गाईला. म्हणून पैसा कमी असेल तर सगळा गोठा एकदम करण्याच्या मागे लागू नये. आधी गोठ्याच्या घराकडच्या कोपऱ्यात वासरांपुरती आणि शेळ्यांपुरती एक बंदिस्त खोली काढावी. दहा बाय दहा फुटांत दोन वासरे आणि चार-पाच शेळ्या रात्रीपुरत्या राहतात.

खोलीचे बांधकाम कसे असावे? खालचे तीन-चार फूट दगडमातीची किंवा विटांची भिंत. त्यावर छपरापर्यंत जाड तारेची वेल्डमेश जाळी, खांबांना तारेने नव्हे तर पट्ट्या मारून बसवलेली. कोंबड्यांची पातळ जाळी कामाची नाही, पंजाने फाटते. छप्पर पत्र्याचे असेल तर पत्रा आणि भिंत यांमधली फट बंद करावी. सगळे लक्ष दाराकडे असते आणि बिबट्या या फटीतून येतो. गोमूत्राची नाली बाहेर जाते तिथे लोखंडी गज बसवावेत. डोंगरात अजून कारवीच्या कुडाच्या भिंती आहेत. कूड वाईट नाही, स्वस्त आहे, हवा खेळती राहते. पण पावसाळा संपल्यावर त्याचा जमिनीलगतचा हात-दीड हात भाग हाताने दाबून बघावा. तिथे कारवी कुजते. शेणाने सारवलेली असल्यामुळे वरून धड दिसते आणि एका धक्क्यात आत जाते.

दार आतल्या बाजूला उघडणारे नसावे, बाहेर उघडणारे असावे. आत उघडणारे दार ढकलून आत येता येते. कडी वर एक आणि खाली एक, अशा दोन. सुतळीने बांधलेले दार म्हणजे दार नव्हे, हे सांगायला नको, पण दहा गोठ्यांतले निदान तीन मी असे पाहतो.

आणि हो, बंदिस्त म्हणजे कोंदट नव्हे. बिबट्याच्या भीतीने काही जण चारी बाजूंनी पत्रे ठोकतात, प्लॅस्टिकचे कागद लावतात. आत मुताचा उग्र वास कोंडतो, वासरांचे डोळे गळतात, न्यूमोनिया होतो. बिबट्याने वर्षात एक वासरू नेले असते, इथे तीन जातात आणि पंचनामाही होत नाही. वरच्या बाजूला जाळीची मोकळी जागा ठेवाच. जमिनीला नालीकडे उतार द्या.

दिवा लावावा का, असे पुष्कळ जण विचारतात. लावावा. सौर दिवा असला तर उत्तम. आपल्याला दिसते, आपण सावध राहतो. पण दिव्याच्या भरवशावर दार उघडे ठेवू नका. रोज तोच दिवा, त्याच जागी, तसाच जळतो, हे चार रात्रींत बिबट्याला कळते. फटाक्यांचेही तेच.

आता दुसरी बाजू. तुम्ही म्हणाल, "साहेब, आम्हीच का दारे लावायची? पिंजरा लावा, पकडा आणि लांब नेऊन सोडा." मागणी समजण्यासारखी आहे. घरातले लेकरू अंगणात खेळायला घाबरते तेव्हा माणूस दुसरे काय म्हणेल? पण ही गोष्ट आपल्या शेजारी करून झालेली आहे. हरिश्चंद्रगडाच्या पलीकडे, पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर भागात, २००१ ते २००३ या काळात मोठ्या संख्येने बिबटे पकडून दुसरीकडे जंगलात सोडले गेले. त्याआधी त्या भागात वर्षाला सरासरी चार माणसांवर हल्ले होत. त्या काळात ते सतरावर गेले, आणि हल्ल्यांत माणूस दगावण्याचे प्रमाणही वाढले. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर बिथरते. त्याला पाणी, लपण, वाटा काही माहीत नसते आणि जाताना ते वस्त्यांमधून जाते. इकडे रिकाम्या झालेल्या जागेत महिन्या-दोन महिन्यांत दुसरा बिबट्या येऊन बसतो. ऊस तोच, कुत्री तीच, उघडे गोठे तेच.

आपल्याच जिल्ह्यातला एक दाखला आहे. २००९ साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरजवळ एक वयस्क बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढून, गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले. लोकांनी त्याचे नाव ठेवले आजोबा. हा आजोबा तिथे राहिला नाही. डोंगर, रेल्वेचा रूळ, महामार्ग, खाडी, सगळे ओलांडत शंभर किलोमीटरहून अधिक चालला आणि थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे पोचला. वाटेत त्याने कुणा माणसाला हात लावला नाही. पुढे २०११ साली महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. त्याच्यावर सिनेमाही निघाला. "लांब नेऊन सोडा" म्हणताना लांब म्हणजे किती लांब, याचा विचार आजोबाच्या चालीने करावा.

याचा अर्थ असा नव्हे, की कोणताही बिबट्या कधीच पकडू नये. माणसावर पुन्हा पुन्हा येणारे जनावर वेगळे. २०२५ च्या नोव्हेंबरात कोपरगाव तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यात माणसांचे जीव गेले. ज्या घरातले माणूस गेले त्या घराला गोठ्याच्या दाराच्या गोष्टी सांगायला मी धजणार नाही. असे जनावर काढणे हे सरकारचे काम आहे आणि त्यासाठी जोर लावलाच पाहिजे. मी बोलतो आहे ते नुसता दिसला म्हणून पिंजरा मागण्याविषयी. उसातून गेला, बांधावर बसला, कॅमेऱ्यात आला, एवढ्यावर त्याला हलवू नये. ओळखीच्या, बुजऱ्या बिबट्याच्या जागी कोण येईल ते आपल्याला माहीत नसते.

विषाविषयी स्पष्ट बोलतो. मेलेल्या जनावरावर कीटकनाशक ओतून ठेवण्याचा प्रकार होतो. त्याने बिबट्या मरेलच असे नाही. आपली राखणीची कुत्री, कावळे, घारी, तरस मात्र मरतात, आणि ओढ्याचे पाणी नासले तर शेजाऱ्याची गुरेही. कुंपणात विजेचा प्रवाह सोडणे तर त्याहून घातक. पहाटे अंधारात त्या तारेला पहिला पाय लागतो तो घरच्या माणसाचा. बिबट्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारल्यास तीन ते सात वर्षांची कैद आहे. एका वासरापायी कर्ता माणूस कोर्टाच्या वाऱ्या करीत बसलेला कुणालाच परवडत नाही.

त्यापेक्षा भरपाई घ्यावी. ती हक्काची आहे, पण कागद नीट झाला तर. जनावर मेलेले दिसले, की ते जागेवरून हलवू नका, वर काटेरी फांद्या टाकून झाका. वनरक्षकाला किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयाला लगेच कळवा, कोणत्याही परिस्थितीत ४८ तासांच्या आत. फोन क्रमांक १९२६ हा वनखात्याचा मदतीचा क्रमांक आहे. मोबाईलवर जखमेचे, ठशांचे आणि जागेचे फोटो काढून ठेवा. पशुधन विकास अधिकाऱ्यांकडून शवविच्छेदन करून घ्या. गाई-म्हशींच्या कानात बारा आकडी बिल्ला मारून घेतलेला असला, तर जनावर तुमचेच हे सिद्ध करण्याचा त्रास उरत नाही. भरपाई बाजारभावाच्या ७५ टक्के, पण शासनाने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत मिळते. ती मर्यादा शासन निर्णयाने वेळोवेळी बदलते, म्हणून चालू दर वनपालांकडून विचारून घ्यावा आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवायला सांगावे.

पंचनाम्याच्या वेळी वाद होतो तो मारले कुणी यावर. तेव्हा आपल्यालाही थोडे ओळखता यावे. बिबट्या गळा धरतो. गळ्याखाली किंवा मानेवर सुळ्यांची खोल भोके असतात, बाकी अंगावर फारसे ओरबाडलेले नसते. जनावर ओढत नेल्याचा माग दिसतो. कुत्र्यांनी मारलेले जनावर मागून फाडलेले असते, मांड्या, शेपूट, पोट, सगळीकडे चावे. तरस हाडे चावून फोडते. ठसा बघा. बिबट्याच्या ठशात नखे उमटत नाहीत, कुत्रा, लांडगा, तरस यांच्या ठशांत उमटतात. मोकाट कुत्र्यांनी मारलेल्या शेळीवर बिबट्याचे नाव घालून अर्ज करू नका. एकदा खोटा ठरला, की पुढचा खरा अर्जही संशयाने बघितला जातो.

जनावर जखमी होऊन वाचले तर जखम साबणाच्या पाण्याने भरपूर धुवावी आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. वरून जखम लहान दिसते, आत पू होतो. रेबीजची लसही डॉक्टरांना विचारून टोचून घ्यावी.

शेवटी उसाचे. प्रवरेच्या काठाने ऊस आला तसा बिबट्याला बारा महिने थंडगार, पाण्याजवळचा आडोसा मिळाला. माद्या उसातच वितात. तोडणी सुरू झाली, की फडात पिल्ले सापडतात. गेल्याच हंगामात एका फडावर मी पोचलो तेव्हा पोरे पिल्ले हातात घेऊन फोटो काढत होती. आई शंभर पावलांवर उसात असणार याची कुणाला कल्पना नव्हती. पिल्ले दिसली तर तोडणी तिथल्या तिथे थांबवा, हात लावू नका, वनखात्याला बोलवा. ती माणसे पिल्ले तिथेच ठेवतात, अंधार पडला की आई येऊन घेऊन जाते. असे कितीतरी वेळा झालेले आहे. एक संध्याकाळ तोडणी थांबते, एवढेच नुकसान. पिल्ले हलवली तर आई चार दिवस त्या वस्तीभोवती फिरते. त्या चार दिवसांत काय होईल ते सांगता येत नाही.

तोडणीची माणसे फडाशेजारी कोप्या टाकून राहतात, उघड्यावर बैल, शेजारी तान्ही मुले. ज्याचा ऊस त्याने त्यांच्या कोप्या फडापासून दूर, मोकळ्या जागी टाकू द्याव्यात आणि उजेडाची सोय करावी. ती माणसे मागणार नाहीत, आपणच केले पाहिजे. संध्याकाळी मुलांना एकटे परसाकडे पाठवू नये. वाकलेला किंवा बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो. रात्री पाणी भरायला जायचे तर दोघांनी जावे, हातात काठी आणि बॅटरी, तोंडाने बोलत किंवा मोबाईलवर गाणी लावून. रात्रीची वीज हे आपल्या शेतकऱ्याचे जुने दुखणे. दिवसाच्या विजेची मागणी मी रास्तच मानतो, आणि ग्रामसभेत ती बिबट्याच्या कारणासह लिहून द्यावी.

घराजवळ कोंबड्यांची घाण, मेलेल्या पिल्लांची पोती फेकू नका. खड्ड्यात चुना टाकून पुरा. घाणीवर कुत्री जमतात आणि कुत्र्यांवर बिबट्या. विहिरीला कठडा बांधा. त्याने बिबट्या वाचेल, वासरू वाचेल आणि लेकरूही.

त्या ठाकरवाडीतल्या आजीची खोली मागच्या उन्हाळ्यात झाली. दगड तिचेच, जाळीला गावच्या पोरांनी हातभार लावला, दार जुन्या फळ्यांचे. आता तिच्याकडे दोन शेळ्या आणि तीन करडे आहेत. मी बघायला गेलो तर वरची कडी तिने काढून टाकली होती. म्हणाली, "माजा हात पोचत न्हाई तितं." कडी वीतभर खाली घेऊन बसवली. तुम्हीही कड्या बसवताना घरात रात्री गोठा कोण लावते, त्याच्या हाताच्या उंचीने बसवा.

नमस्कार.